अमेरिकेला ब्रॉड बीन्स समजावताना

मेल आली तेव्हा मी मेथी निवडत होते. २९ मार्च २०२३, बुधवार. एका मोठ्या अमेरिकन चॅनेलच्या लंडन ऑफिसातली सहायक प्रोड्यूसर विचारत होती, की ६ मेला, राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, इथल्या साध्या माणसांचं जगणं आमच्या प्रेक्षकांना उलगडून सांगायला तुम्ही याल का? मला वाटलं, फसवणूक. आधी लॉटरी लागते, मग नायजेरियातला राजपुत्र भेटतो, आणि आता हे!

मी मूळची कराडची. लंडनच्या वायव्येला हॅरोत राहून बावीस वर्षं झाली. रविवारी सकाळी एका कम्युनिटी रेडिओवर तासभर कार्यक्रम करते, बिनपगारी. मार्चमध्ये मी शेजारच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजींशी राणी एलिझाबेथ यांच्या १९५३च्या राज्याभिषेकाबद्दल गप्पा मारल्या होत्या. त्यांच्या गल्लीत एकाच घरी टीव्ही होता, आणि त्या घरच्या बाईंनी सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावल्या होत्या, म्हणून त्या आजींच्या अजून लक्षात. तो भाग या प्रोड्यूसरबाईंनी ऐकला होता.

असं बोलावणं आलं तर पहिलं काम हे, की मेलमधल्या नंबरवर फोन करू नका. चॅनेलच्या वेबसाइटवरचा ऑफिसचा नंबर शोधा, तिथे फोन करा आणि माणसाचं नाव विचारा. मी तसं केलं. बाई खरी निघाली. मग मात्र पोटात गोळा आला.

शुक्रवारी, ३१ तारखेला, फोनवर ‘प्री-इंटरव्ह्यू’ झाला. गप्पा मारायच्यात, असं त्या म्हणतात. त्यावर विश्वास ठेवू नका, ती तोंडी परीक्षा असते. पहिला प्रश्न होता, तुमच्या गल्लीत काय तयारी चाललीय? आमच्या गल्लीत रविवारी, ७ मेला, रस्त्यावर टेबलं मांडून जेवण होतं. त्यासाठी रस्ता बंद करायचा अर्ज कौन्सिलला फेब्रुवारीतच दिला होता, आणि तो मीच भरला होता. त्यामुळे मी अर्जापासून सुरुवात केली. नकाशा, शेजाऱ्यांना वाटलेली पत्रकं, अग्निशमनाच्या गाडीला सोडायची जागा, पायरी पायरीने सगळं. नमनालाच घडाभर तेल. पलीकडे शांतता. मग बाईंनी मऊ आवाजात विचारलं, “म्हणजे रस्त्यावर जेवायला सरकारची परवानगी लागते?” मी म्हटलं, “अर्थात.” त्या खळखळून हसल्या. परीक्षा त्या एका शब्दावर पास झाले असं मला अजूनही वाटतं. टीव्हीला आधी कळस लागतो, पायाला वेळ मिळाला तर मिळाला.

सोमवारी होकार कळवला त्यांनी. ईस्टरच्या चार सुट्ट्या मधे होत्या, म्हणून कागदपत्रं नंतर येतील म्हणाल्या. त्या रिकाम्या दिवसांत मी एक चांगलं काम केलं आणि एक वाईट. वाईट हे, की राजघराण्याची वंशावळ पाठ करायला घेतली (दिवसभरात एक नाव विचारलं असेल तर शपथ). चांगलं हे, की आपल्या आधी हे काम कुणी कुणी केलंय ते पाहायला बसले.

अ‍ॅलिस्टर कुक यांचं नाव मला रेडिओमुळे माहीत होतं. १९४६पासून २००४पर्यंत बीबीसीवर ते अमेरिकेतून ब्रिटिश श्रोत्यांना पत्र वाचून दाखवत. पण उलट दिशेचं कामही त्यांनीच केलं, हे माझ्या डोक्यात नव्हतं. १९७१मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक वाहिनीवर ‘मास्टरपीस थिएटर’ सुरू झालं. बॉस्टनच्या केंद्राची निर्मिती, तेलकंपनीचा पैसा, आणि मालिका ब्रिटिश. प्रत्येक भागाआधी कुक खुर्चीत बसून अमेरिकन माणसाला सांगत, की तुम्ही आता जे घर बघणार आहात त्यात माजघरातल्या नोकरांचे नियम काय होते आणि मालकीणबाई अशा का वागतात. हे त्यांनी १९९२पर्यंत केलं. आपल्या नाटकातला सूत्रधारच, फक्त बैठा. ते इतके ओळखीचे झाले की ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या कार्यक्रमवाल्यांनी आपल्या कुकी मॉन्स्टर या बाहुल्याला तशाच खुर्चीत बसवून त्याचं नाव ‘अ‍ॅलिस्टर कुकी’ ठेवलं.

गंमत म्हणजे अमेरिकेला ब्रिटन समजावणारा हा माणूस जन्माने सॅल्फर्डचा, पण १९४१पासून अमेरिकन नागरिक. मी जन्माने कराडची आणि २०१०पासून ब्रिटिश नागरिक, तेही चोवीस प्रश्नांची ‘लाइफ इन द यूके’ परीक्षा देऊन. माझ्याकडे ब्रिटनचं निदान सर्टिफिकेट तरी आहे, असं म्हणून मी स्वतःला धीर दिला.

आणखी एक गोष्ट त्याच आठवड्यात वाचली. १९५३मध्ये सॅटेलाइट नव्हता, तेव्हा बीबीसीच्या प्रक्षेपणाची फिल्म हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी कॅनडाला नेली आणि अमेरिकेने त्याच दिवशी राज्याभिषेक पाहिला. पण एका अमेरिकन चॅनेलच्या सकाळच्या कार्यक्रमात तेव्हा जे. फ्रेड मग्ज नावाचा चिंपांझी असे. राज्याभिषेकाच्या बातम्यांमध्ये तोही झळकला, आणि इथे एवढा गहजब झाला की गोष्ट पार्लमेंटपर्यंत गेली. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “म्हणजे तुझी जागा चिंपांझीची की कुकची, ते बघून सही कर.”

सहीचे कागद १४ एप्रिलला आले. दोन होते. पहिला करार, पाच पानी. त्यात नीट वाचण्यासारखी दोन कलमं. एक, ६ मे संपेपर्यंत दुसऱ्या कुठल्या अमेरिकन चॅनेलवर बोलायचं नाही. दोन, माझं बोलणं ते कुठेही, कितीही काळ, कसंही कापून वापरू शकतात. पहिल्याचं मला काही नव्हतं, दुसरी रांग नव्हतीच. दुसऱ्यावर विचारलं, तर ‘सगळ्यांना हेच असतं’ असं उत्तर आलं, आणि ते खरंच असावं. मात्र माझ्या रेडिओचं नाव घेताना बरोबर घ्यायचं, ही एक ओळ मी घालायला लावली. मागितलं तर मिळतं, हे मला पन्नाशीत कळलं. मानधन दिवसाचे तीनशे डॉलर.

दुसरा कागद म्हणजे डब्ल्यू-८बीईएन. पैसे न्यूयॉर्कहून येणार, म्हणून आपण अमेरिकेचे करदाते नाही असं लिहून द्यायचं. काम लंडनमध्ये बसून केलं की त्या कमाईवर अमेरिकेचा कर बसत नाही, पण हा फॉर्म नसेल तर तिथल्या हिशेबनीसाचं घोडं अडतं. एकच पान आहे. नाव, नागरिकत्व, कायमचा पत्ता, इथला कराचा नंबर, जन्मतारीख, सही. मी १७ एप्रिलला भरून पाठवला, १९ला परत आला. कारण लिहिलेलं, तारीख अवैध. मी चष्मा पुसून तीनदा पाहिलं. १७-०४-२०२३, यात अवैध काय? रात्री भांडी लावताना उजेड पडला. अमेरिकन माणूस आधी महिना लिहितो. त्यांच्या लेखी मी सतराव्या महिन्यात सही केली होती, आणि जन्म तर बाविसाव्या महिन्यातला. फॉर्मवर रकान्यात तसं छापलेलंही आहे, मीच वाचलं नव्हतं. तुमची तारीख बाराच्या आतली असेल तर जास्त जपा, कारण मग ती परत येणार नाही, चुकीचीच खपून जाईल.

इथल्या कराचंही सांगून टाकते. वर्षाला एक हजार पौंडांपर्यंतच्या अशा किरकोळ कमाईला सूट आहे, त्याहून जास्त झाली तर नोंदणी करावी लागते. माझी झाली नाही. पण तुम्ही नोकरीच्या व्हिसावर असाल तर करारावर सही करण्याआधी बाहेरचं काम चालतं का ते तपासा. विद्यार्थ्यांनी तर नक्कीच. स्वतंत्र व्यवसाय त्यांना चालत नाही, आणि टीव्हीवर दिसणं हा काही लपणारा गुन्हा नाही.

सुरक्षेच्या पाससाठी पासपोर्टचं स्कॅन, फोटो आणि जन्मस्थान द्यावं लागलं. ‘कराड’ लिहिल्यावर राज्य विचारलं, महाराष्ट्र लिहिल्यावर देश. पास ३ मेला मिळाला, तोपर्यंत रोज मेल उघडून बघत होते.

कपड्यांची सूचना अशी होती. बारीक रेघा नकोत, कारण त्या पडद्यावर थरथरतात. पांढरंशुभ्र नको, खुळखुळणाऱ्या बांगड्या नकोत, आणि शेवटी ‘रंगीत काहीतरी घातलंत तर आवडेल’. हे ‘रंगीत’ मला दोन रात्री टोचत राहिलं. त्यांना साडी हवी होती का? तसं असेल तर सरळ म्हणा ना. आईला फोन केला. ती म्हणाली, “पैठणी नेस, आणि वर स्वेटर घालू नकोस, शोभा जाते.” मेच्या पहिल्या आठवड्यात लंडनला सात अंशांत उभं राहायचंय, हे तिला पटेना. शेवटी मी गडद निळा कोट घातला आणि गळ्यात आईचाच जांभळा स्कार्फ. ब्रिटिश जगण्याबद्दल बोलायचं तर कोट हेच सर्वात ब्रिटिश वस्त्र, असं माझं मत.

६ मे, शनिवार. तीनला उठले, साडेतीनला गाडी आली. राजवाड्याकडचे रस्ते बंद, त्यामुळे व्हिक्टोरियाजवळ उतरून चालत जायचं होतं. दोन ठिकाणी पास आणि पासपोर्ट दाखवला. छत्री नेली होती ते बरं केलं, आणि डब्यात दोन थालीपिठं नेली ते त्याहून बरं. तिथे कॉफी भरपूर असते, खायला सकाळी नऊपर्यंत काही नसतं.

राजवाड्यासमोर परदेशी चॅनेलांसाठी मचाणासारखे तात्पुरते स्टुडिओ बांधले होते. लोखंडी जिना चढून वर गेलं की मागे राजवाडा येईल अशा बेताने खुर्च्या. कुक यांच्या चामडी खुर्चीऐवजी मला उंच स्टूल मिळालं, त्यावर माझे पाय लोंबत होते. कानात इअरपीस घातलं. नेहमी हे काम करणारे स्वतःच्या कानाच्या मापाचं करून घेतात. मला सरसकट मापाचं रबरी मिळालं, ते बोलताना जबडा हलला की बाहेर यायचं. ध्वनीवाल्या पोराने ते कानामागे चिकटपट्टीने बसवलं आणि म्हणाला, हसताना जपून.

निवेदक दुसऱ्या टोकाला, माझ्यापासून चाळीस पावलांवर. पण मला तो दिसत नव्हता. आपण एका काळ्या काचेकडे बघून बोलायचं. कानात त्याचा आवाज, त्यात मधेच न्यूयॉर्कहून कुणीतरी ‘वीस सेकंद’ म्हणतो. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी त्यालाच उत्तर द्यायला निघाले होते. बोलून झालं की लगेच खाली बघू नका, ‘क्लिअर’ म्हणेपर्यंत काचेकडे बघत राहा. मी पहिल्या वेळी घड्याळ पाहिलं, आणि ते अमेरिकेने पाहिलं.

पहिली पाळी १० वाजून १२ मिनिटांनी. न्यूयॉर्कला पहाटेचे सव्वापाच. मी गल्लीच्या जेवणावर बोलणार होते, प्रश्न आला तो क्विशबद्दल, म्हणजे अंडी घालून भाजलेल्या खाऱ्या पायबद्दल. राजवाड्याने एप्रिलमध्ये राज्याभिषेकाची खास पाककृती जाहीर केली होती, पालक, टॅरॅगॉन आणि ब्रॉड बीन्स घातलेला क्विश. निवेदकाने विचारलं, “ब्रॉड बीन्स म्हणजे नक्की काय?” आता, अमेरिकेत यांना फावा बीन्स म्हणतात एवढं सांगितलं की काम संपतं. मला ते माहीत होतं. पण काचेसमोर डोक्यात आले ते फक्त पावटे. आजीच्या परड्यातले, वेलीवरचे, कराडचे. एक सेकंद, दोन सेकंद. मी म्हटलं, “मोठ्या, हिरव्या, जरा हट्टी शेंगा. साल काढली नाही तर कडू लागतात. आमच्या गल्लीत त्यावरून दोन घरं बोलत नाहीयेत.” तो हसला. फावा हा शब्द मला जिना उतरताना आठवला.

दुसरी पाळी मुख्य विधी चालू असताना होती, आणि त्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय. अभिषेकाचं तेल लावतात तो क्षण दाखवायचा नसतो. १९५३मध्येही कॅमेरे वळवले होते. या वेळी राजाभोवती तीन बाजूंनी पडदे उभे केले, त्यावर झाड विणलेलं आणि पानांवर राष्ट्रकुलातल्या छप्पन्न देशांची नावं. पडद्यामागे काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही, आणि गायन चालू. इथला समालोचक अशा वेळी गप्प बसतो. बीबीसीचे रिचर्ड डिम्बलबी १९५३मध्ये राज्याभिषेकाच्या चर्चमधून, वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेच्या आतून बोलत होते, आणि त्यांच्या गप्प बसण्याचंही लोक कौतुक करतात. माझ्या कानात मात्र न्यूयॉर्कहून आवाज आला, “काहीतरी बोला, शांतता होतेय.” मी हळू आवाजात म्हटलं, ही शांतताच दाखवायची असते. मागचा माईक चालू होता की नाही मला कळलं नाही. निवेदकाने तेवढ्यात पडद्यावरच्या झाडाची पानं मोजायला घेतली.

देवळात गाभाऱ्याचा पडदा ओढला की आपणही टाळ थांबवतो ना, तेवढंच मला सांगायचं होतं. दोन ओळींचं होतं. नंतर विचारलं नाही कुणी.

पाऊस थांबला नाही. विमानांची सलामी आखडती घेतली, हेलिकॉप्टरं आणि ‘रेड अॅरोज’ ही हवाई दलाची कसरतींची तुकडी एवढंच आलं. बाल्कनीतून सगळे आत गेल्यावर, तीनच्या सुमाराला, माझी तिसरी पाळी. आता गल्लीतल्या जेवणाचं येईल म्हणून मी सरसावून बसले, चौथ्या क्रमांकाच्या घरातल्या आजोबांचा किस्सा ओठांवर ठेवला. प्रश्न आला, “भारतीय म्हणून तुम्हाला कोहिनूरबद्दल काय वाटतं?”

पाच आठवडे हा प्रश्न एकाही मेलमध्ये नव्हता. आणि मला आदल्या रात्रीपासून माहीत होतं की तो येणार. कानात, “तीस सेकंद.” मी सांगितलं, की राणी कॅमिला यांनी आज घातलेल्या मुकुटात कोहिनूर नाही, कलिनन हिरे आहेत, आणि ते दक्षिण आफ्रिकेतले. कोहिनूर १८४९मध्ये लाहोरच्या तहात घेतला, त्यावर सही करणारे महाराजा दुलीपसिंग तेव्हा दहा वर्षांचे होते. दहा वर्षांच्या मुलाची सही आमच्या गल्लीतल्या जेवणाच्या अर्जावरही चालत नाही. “थँक यू,” म्हणाला निवेदक, आणि जाहिरात लागली.

मला राग आला होता का? थोडा. ब्रिटिश जगणं सांगायला बोलावलं आणि शेवटी मूळ गाव विचारलं. पण ते वाक्य चांगलं जमलं हेही खरं, आणि अर्ज भरला नसता तर ते सुचलं नसतं. तुम्हाला असं बोलावलं तर तुमच्या आडनावाचा प्रश्न येणारच असं धरून चला, आणि त्याचं उत्तर तीस सेकंदांत बसवून ठेवा. मी तयारी केली होती ती मुंबईच्या डबेवाल्यांची. राजे चार्ल्स युवराज असताना २००३मध्ये त्यांना चर्चगेटला भेटले होते, त्यांच्या २००५च्या लग्नाला दोन डबेवाले आले होते, आणि या राज्याभिषेकाला डबेवाल्यांनी पुणेरी पगडी आणि उपरणं भेट म्हणून घेतलं होतं. हे सगळं मी शेवटी त्या ध्वनीवाल्या पोराला सांगितलं, तो कानामागची चिकटपट्टी सोडवत असताना. त्याला पगडीचा फोटो हवा होता. दाखवला.

तीन पाळ्या मिळून सात मिनिटं चाळीस सेकंद. थांबणं साडेनऊ तास.

सोमवारी इथे सुट्टी, म्हणून बिल मंगळवारी, ९ मेला पाठवलं. २४ला उत्तर आलं की बिलावर पीओ नंबर, म्हणजे चॅनेलच्या खरेदी ऑर्डरचा क्रमांक, नाही. तो मला कुणी दिलाच नव्हता. सही करतानाच मागून घ्या. नवीन बिल, मग एक आठवण, मग दुसरी. पैसे आले ६ जुलैला, बँकेची फी आणि डॉलरचा भाव जाऊन २२६ पौंड. टॅक्सी चॅनेलची होती, कोट माझा. ड्रायक्लीनिंगला चौदा गेले.

आणि मी स्वतःला पाहिलंच नाही. चॅनेलच्या साइटवरचा व्हिडिओ ब्रिटनमधून उघडत नाही. ब्रिटनबद्दलचं भाष्य ब्रिटनला बंद. शेवटी न्यू जर्सीतल्या मामेबहिणीने टीव्हीसमोर फोन धरून काढलेलं रेकॉर्डिंग पाठवलं. त्यात माझी हनुवटी ‘लंडन’ लिहिलेल्या पट्टीमागे आहे, आणि “मोठ्या, हिरव्या, जरा हट्टी” याच्या पुढे तिच्या कुकरची शिट्टी होते. आईने ते कराडला अकरा वेळा पाहिलं. तिचा एकच अभिप्राय आला, की स्कार्फ चांगला दिसतोय, पण पावट्याचं सांगायला हवं होतंस.